बदल्यात काय द्यायचं?

नेपाळातलं बुटवल मागं पडलं की तराई एका वळणात संपते. कापणी झालेली भातशेतं, धूळ, सायकली आणि सपाट क्षितिज पाठीमागं राहतं आणि तिनाऊ नदीनं कापलेल्या अरुंद घळीत बस शिरते. एका अंगाला नदीचं हिरवं पाणी, दुसऱ्या अंगाला सरळ उभा कडा. सिद्धबाबाच्या देवळाजवळचा टप्पा दरडींसाठी बदनाम आहे. तिथं आल्यावर चालकानं गाणी बंद केली, बसमधली बडबड थांबली आणि बहुतेकांचे हात छातीपाशी गेले. नगरहून आलेल्या आमच्या मंडळीतल्या मुलांनीही डोळे मिटले. कडा आज शांत राहो, एवढंच त्या सगळ्यांचं मागणं होतं आणि ते वेगवेगळ्या देवांकडे निघालं होतं.

शेजारच्या आसनावरचे दाजू मला न्याहाळत होते. डोक्यावर ढाक्याची रंगीत टोपी, मांडीवर ब्लँकेटचं गाठोडं. थोड्या वेळानं चक्क मराठीत म्हणाले, “ताई, कुठं चालल्या?” बाणेरच्या एका सोसायटीच्या फाटकावर त्यांनी कितीतरी वर्षं रखवाली केली होती. पाल्पाच्या डोंगरातल्या घरोघरचा एक तरी माणूस पुण्यामुंबईत, दिल्लीत नाहीतर आखाती देशात असतो, असं ते सांगत होते. मी त्यांचं नाव विचारलं. ते हसले. पुण्यात त्यांना सगळे बहादूर म्हणायचे, नाव कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या डोंगरात मात्र परक्या माणसालाही नात्यानंच हाक मारतात. थोरला दिसला तर दाजू, धाकटा तर भाइ, बाई असेल तर दिदी किंवा बहिनी. बस तानसेनला पोचेपर्यंत मी त्यांची बहिनी झाले होते. आपल्या सोसायट्यांच्या फाटकांवर रात्रभर जागणारी ही माणसं आपल्या गावी कुणाचे दाजू, कुणाचे बा आहेत, हे मला त्या बसमध्ये पहिल्यांदा नीट दिसलं आणि त्याची फार टोचणी लागली.

आम्ही निघालो होतो तानसेनच्या मिशन हॉस्पिटलात. आमच्यात दोन परिचारिका होत्या, एक वीजकाम जाणणारा, एक नुकताच शिक्षक झालेला, आणि मी फिजिओथेरपीची पदवी हातात घेऊन बाहेर पडलेली. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसलं आहे. निघण्याआधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी आम्हाला उपासनेत पुढं बोलावलं, वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवले, मंडळीनं प्रार्थना करून निरोप दिला. माझ्या मनात मात्र त्या दिवशी आनंदाच्या बरोबरीनं एक जुनी बोच होती.

ती बोच अशी. आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आला तो १८९९-१९०० च्या दुष्काळात. आजीची आजी तेव्हा लहान मुलगी होती. आईबाप गेले, आणि ती मिशनच्या वसतिगृहात वाढली. अमेरिकन मराठी मिशननं नगरमध्ये १८३१ साली काम सुरू केलं होतं. दुष्काळात त्यांनी खडी फोडण्याची कामं काढली, अन्नछत्रं चालवली, पोरक्या मुलांना आसरा दिला. त्या पोरक्या मुलीची आम्ही लेकरं. शाळेत असताना एका मुलीनं भांडणात मला म्हटलं होतं, “तुमच्या लोकांनी ज्वारीसाठी देव विकला.” नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांना हे वाक्य नवं नाही. आजीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “भुकेल्या पोरीला कुणी भाकरी दिली, तर ती पोर विकली गेली असं म्हणायचं का?” तिच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ‘मिशन’ या नावाच्या कामाला जाताना मला कळायला हवं होतं, की आता भाकरी देणाऱ्याच्या बाजूला उभी राहून मी काय करणार आहे.

पाल्पातलं तानसेन साधारण महाबळेश्वराच्या उंचीवर आहे. श्रीनगर डांडा नावाच्या डोंगराच्या उतारावर गाव वसलं आहे, त्यामुळं सपाट असा रस्ता जवळजवळ नाहीच. दगडी फरसबंदीच्या गल्ल्या इतक्या उभ्या की वर जाणारा आणि खाली येणारा दोघंही वाकलेलेच दिसतात. विटांची जुनी नेवारी घरं, कोरीव लाकडी खिडक्या. बाजाराच्या मध्यावर शीतलपाटी नावाचा पांढरा अष्टकोनी मंडप आहे. तिथं म्हातारी माणसं उन्हाला बसतात, पोरं भोवती धावतात, आणि गावात आज काय घडलं ते सगळं इथं कळतं. पलीकडचा दरबार २००६ साली माओवादी आणि सरकारी फौजांच्या लढाईत जळाला. नंतर तो पुन्हा उभारला. त्या रात्रीबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

एका गल्लीतून जाताना घराघरातून मागांची खटखट येते. पाल्पाली ढाका इथंच विणतात. टोप्या, शाली, चोळीचं कापड. बायका स्वयंपाक उरकून मागावर बसतात. टक्सार टोलात करुवा घडवतात, पोट सुटलेला, तोटीचा पितळी तांब्या. पाणी तोटीला तोंड न लावता वरून धार धरून पितात, आमच्या आजोळी तांब्यानं पीत तसंच. लोक बोलतात हळू. आम्ही नगरकर दुकानात शिरलो की सगळा बाजार आमच्याकडे बघायचा, कारण आमचा साधा आवाजही तिथं हाळी दिल्यासारखा वाटायचा. पैसे देताना, घेताना उजवा हात पुढं करायचा आणि डाव्या हातानं उजव्या कोपराला स्पर्श करायचा. भाजीवालीपासून बँकेतल्या माणसापर्यंत सगळे हे करतात. मला ही रीत इतकी आवडली की गोळ्यांचं पाकीट देतानाही माझा डावा हात आपोआप कोपराशी जाऊ लागला. देणारा त्यात थोडा झुकतो. देणाऱ्यानं झुकावं, हे मला तिथं फार योग्य वाटलं.

हिवाळ्याच्या तोंडावर सकाळी उठून डांड्यावरून पाहिलं की खालचं मादी खोरं दिसतच नाही. रात्रीतून धुकं भरतं आणि सबंध खोऱ्याचं पांढरं तळं होतं. मधेच एखादी टेकडी बेटासारखी वर आलेली. उत्तरेला हवा स्वच्छ असेल तर धौलागिरी, अन्नपूर्णा आणि माछापुच्छ्रे. मी पावसासाठी आभाळाकडे बघत मोठी झालेल्या मुलखातली. एवढं पाणी हवेत असूनही इथल्या बायका गवताच्या एकेका भाऱ्यासाठी जीव धोक्यात घालतात, हे मला हॉस्पिटलात आल्यावर समजलं.

हॉस्पिटलाची जन्मकथा पक्ष्यांपासून सुरू होते. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचा अभ्यास करायला १९४९ मध्ये नेपाळच्या डोंगरांत आले. तोवर देशाची दारं परक्यांना जवळपास बंद होती. पुढच्या फेरीत बरोबर डॉक्टर होते. १९५१-५२ च्या हिवाळ्यात तानसेनला त्यांनी रोगी तपासायला सुरुवात केली आणि माणसांची रीघ लागली. इथं दवाखाना काढा, असं गावकऱ्यांनीच म्हटलं. सरकारनं परवानगी दिली आणि वेगवेगळ्या देशांतल्या, पंथांतल्या मिशननी एकत्र येऊन संस्था उभी केली. ती संस्था, युनायटेड मिशन टू नेपाळ, ५ मार्च १९५४ रोजी स्थापन झाली ती नागपुरात! नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हे ऐकल्यावर आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या आजोबांच्या तरुणपणी, आमच्याच भाषेच्या शहरात बसून कुणीतरी या डोंगरासाठी ठराव लिहिला होता. त्याच वर्षी तानसेनच्या बाजारात भाड्याच्या घरात काम सुरू झालं.

सरकारशी झालेल्या कराराची एक अट पहिल्यापासून आहे. रोग्यांची सेवा करा, माणसं शिकवा, पण धर्मांतर घडवायचं नाही. नेपाळ २००६ मध्ये धर्मनिरपेक्ष झाला, तरी २०१५ च्या राज्यघटनेनं दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याला बंदी कायम ठेवली. पुढच्या फौजदारी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. पहिल्याच दिवशी एका ज्येष्ठ सिस्टरनी हे आम्हाला शांतपणे समजावून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “रोगी पलंगावर असतो. उठून जाऊ शकत नाही. त्याला न विचारलेलं सांगायचं नाही.” कायद्याचं कलम एकदाच ऐकलं, त्यांचं हे वाक्य मात्र मी रोज कामावर जाताना मनाशी म्हणत असे.

माझं काम हाडांच्या वॉर्डात. ओला चारा संपला की इथल्या बायका झाडावर चढून फांद्या तोडतात, गाईम्हशींसाठी. उतारावरचं झाड, खाली दरी, पायात चप्पल, कमरेला विळा. फांदी मोडली की माणूस खाली. वॉर्डात अशा कितीजणी! मांडीचं हाड मोडलेल्या, कमरेत दुखावलेल्या, मनगटं निखळलेल्या. त्यांतली एक माझ्या आईच्या वयाची. पलीकडच्या डोंगरातल्या तिच्या गावाहून नवऱ्यानं आणि शेजाऱ्यांनी तिला ‘डोको’त, म्हणजे पाठीवरच्या मोठ्या बांबूच्या टोपलीत बसवून रस्त्यापर्यंत आणलं होतं. टोपलीचा पट्टा वाहणाऱ्याच्या कपाळावर येतो, त्याला नामलो म्हणतात. माणसं पाळीपाळीनं ते ओझं कपाळावर घेत खाली उतरली होती, आणि रस्त्यावर आल्यावर जीप. तिच्या नवऱ्याच्या कपाळावर पट्ट्याचा वळ अजून दिसत होता.

शस्त्रक्रिया झाल्यावर तिला बसवायचं, मग उभं करायचं, मग चालवायचं. आमच्याकडे रोग्याला सपाट फरशीवर चालता आलं की घरी सोडता येतं. तिच्या घरापासून पाण्याच्या धाऱ्यापर्यंत चढउतारच होता. म्हणून तिथल्या फिजिओ विभागातल्या दिदी तिला जिना चढायला, उतरायला, उकिडवं बसून उठायला शिकवत. मी कॉलेजात शिकलेली मापं आणि तक्ते त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते नीट पाहिले, काही घेतले, आणि मग मला हॉस्पिटलामागच्या पायवाटेवर नेऊन दाखवलं, ओझं पाठीवर असताना बाई कुठला पाय आधी टाकते. रोग्याचं घर माहीत असल्याशिवाय व्यायाम ठरवू नये, हे मी त्यांच्याकडून शिकले.

त्या बाईची सासू तिच्या उशाशी बसून असायची. सुरकुतलेला चेहरा, नाकात सोन्याची फुली, खांद्यावर जाडी शाल. सून पहिल्यांदा काठीच्या आधारानं वॉर्डाच्या दारापर्यंत चालली त्या दिवशी म्हातारीनं माझा हात धरला आणि काहीतरी विचारलं. माझं नेपाळी तोडकंमोडकं, पण लिपी तीच, कितीतरी शब्दही ओळखीचे, त्यामुळं अर्धं कळलं. उरलेलं दिदींनी सांगितलं. ती विचारत होती, “बदल्यात आम्ही काय द्यायचं? तुमच्या देवाचं काही करावं लागेल का?”

दिदी तिच्याशेजारी बसल्या, आवाज आणखी हळू केला. “आमा, बिल खाली खिडकीवर. पैसे कमी पडले तर तिथंच सांगा, मदत मिळते. बाकी काही नाही. काहीसुद्धा नाही.” म्हातारीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग तिनं पिशवीतून दोन संत्री काढली, उजवा हात पुढं, डावा कोपराला, आणि माझ्यासमोर धरली. मी तसाच हात करून घेतली.

काहीसुद्धा नाही. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वॉर्डात मिळालं. दुष्काळातल्या त्या पोरीला भाकरी देणाऱ्यांच्या मनात काय होतं, ते आज मला तपासता येणार नाही. काहींच्या मनात नुसती करुणा असेल, काहींच्या मनात हिशेबही असेल. पण पुढं त्या पोरीनं स्वतः वाचून, स्वतः झगडून जी श्रद्धा कमावली, ती भाकरीची किंमत नव्हती, हे मी जाणते. आणि तिला तो टोमणा कुणी मारू नये असं मला वाटत असेल, तर माझ्या हातून उपचार घेणाऱ्या बाईच्या नातीलाही तो कुणी मारू शकणार नाही, एवढी काळजी मी घेतली पाहिजे. सेवा आणि सुवार्ता या दोन्ही गोष्टी मला प्रिय आहेत. म्हणूनच एकीची वसुली दुसरीतून व्हावी हे मला मान्य नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यामागंही अशीच काही तळमळ असावी असं मला आता वाटतं. नगरच्या आमच्या मंडळीत त्यांच्या नावानं भजनं होतात, पण त्यांच्या त्या निर्णयाबद्दल आम्ही पुरेसं बोलत नाही.

आमच्यात यावर वाद झाला. रात्री गच्चीवर गोधड्या पांघरून बसलो असताना आमच्यातला शिक्षक मित्र म्हणाला, “मग आपण इतक्या लांब आलो कशाला? पट्ट्या बांधायच्या तर नगरलाही बांधता आल्या असत्या. साक्ष द्यायची नाही, तर हे मिशन कसलं?” त्याचं मन प्रामाणिक होतं आणि प्रश्नही. मी त्याला आमच्या घराची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो वॉर्डातल्या एका मुलाला गणित शिकवत बसला होता. चुलीत पडून पाय भाजलेला मुलगा. थंडीत इथं उघड्या चुलीभोवती सगळं घर झोपतं, आणि लहान मुलं निखाऱ्यात पडतात. पट्टी बदलताना तो मुलगा पाढे म्हणत रडायचा, आणि मित्र त्याच्याबरोबर मराठीत पाढे म्हणायचा.

जेवणाचं सांगायलाच हवं. तिथं सकाळी उठल्यावर चहा, आणि मग दहाच्या सुमारास थेट भात. डाळ, भात, तरकारी, लोणचं. दुपारी ‘खाजा’, म्हणजे हलकंसं खाणं, संध्याकाळी पुन्हा भात. रस्त्यात भेटणारा प्रत्येकजण विचारतो, “खाना खानुभयो?” आपल्याकडेही जेवण झालं का असं विचारतात, पण इथं दहा वाजून गेल्यावर नाही म्हटलं तर समोरचा खरोखरच घरात नेऊन बसवतो. पोहे-उपम्याची सवय असलेल्या आम्हाला सकाळी दहाला ताटभर भात जड जायचा. आठवडाभरात अंगवळणी पडला, आणि मग लक्षात आलं, की पहाटेपासून डोंगर चढून आलेल्या माणसाला त्या वेळी तेवढंच लागतं. पाल्पाची खासियत चुकाउनी. उकडलेला बटाटा, दही, कांदा, हळदीची फोडणी. बटुक नावाचे डाळीचे तळलेले वडे, सकाळच्या थंडीत गरम गरम. सुकवलेल्या आंबवलेल्या पाल्याचं गुन्द्रुक पहिल्या घासाला नाक मुरडायला लावतं आणि तिसऱ्या घासाला पुन्हा मागावंसं वाटतं. एका घरी ढिंडो मिळाला. नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात हाटून केलेला, हातानं तोडून आमटीत बुडवून खायचा, न चावता गिळायचा. मी भाकरी-पिठल्यावर वाढलेली. त्या घरच्या आमांना मी खुणेनं भाकरी थापून दाखवली आणि त्यांनी हसत हसत तव्यावर एक थापायचा प्रयत्न केला.

शनिवारी सुट्टी असते, आणि उपासनाही शनिवारीच. नेपाळात रविवार कामाचा दिवस. दिदींबरोबर आम्ही डोंगराच्या कुशीतल्या एका लहानशा मंडळीत गेलो. पत्र्याचं छप्पर, बाहेर चपलांची रांग, आत जमिनीवर सतरंज्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. बायकांनी प्रार्थनेला डोक्यावर शाल घेतली. दोन्ही हात जोडून “जयमसीह” म्हणत प्रत्येकजण प्रत्येकाला भेटतो. मादलाच्या ठेक्यावर गाणी सुरू झाली आणि मला घरचीच आठवण आली, कारण आमच्याकडेही टाळ-मृदंगावर भजनं होतात. प्रार्थनेच्या वेळी मात्र सगळे एकाच वेळी मोठ्यानं बोलू लागले. नगरच्या आमच्या उपासनेत एकजण प्रार्थना करतो, बाकीचे आमेन म्हणतात. इथं ज्याचं दुःख त्याच्याच तोंडून बाहेर पडत होतं, आणि खोलीभर एक मोठा गुंजारव भरला होता.

या डोंगरात अशी खोली असणं सोपं नव्हतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तानसेनमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या काही जणांना तुरुंगात जावं लागलं होतं. तेव्हाच्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याला एक वर्षाची आणि बदलवणाऱ्याला सहा वर्षांपर्यंत कैद होती. १९९० च्या जनआंदोलनानंतर असे कैदी सुटले. १९६१ च्या जनगणनेत सबंध देशात पाचशेही ख्रिस्ती नव्हते. २०२१ मध्ये पाच लाखांहून अधिक नोंदले गेले. ही वाढ मुख्यतः नेपाळी माणसांनी एकमेकांच्या अंगणात बसून घडवली. गच्चीवर वाद घालणारा आमचा मित्र त्या खोलीत मागच्या ओळीत बसला होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “यांना आपल्या साक्षीची गरज नाही.” त्याच्या आवाजात खंत नव्हती, आदर होता.

त्यांची अडचण वेगळी आहे. त्या दिवशी ज्यांच्या घरी जेवलो त्या दिदींनी सांगितली. दशैंत थोरल्यांच्या हातून कपाळावर अक्षतांचा टीका घ्यायचा असतो. तिहारमध्ये बहीण भावाला सप्तरंगी टीका लावते, मखमलीच्या फुलांची माळ घालते, दारात अक्रोड फोडते. दिदी ख्रिस्ती झाल्यापासून टीका घेत नाहीत, लावत नाहीत. थोरल्या भावानं बोलणं टाकलं. तरी त्या दरवर्षी फळं घेऊन माहेरी जात राहिल्या. स्वयंपाकघरात शिरून भांडी घासायच्या, वहिनीला मदत करायच्या, संध्याकाळी परत यायच्या. यंदा भावानं टीक्याचं ताट बाजूला ठेवलं आणि नुसता डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. सांगताना दिदींचे डोळे भरले. मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं. दिवाळीला शेजारच्या घरून आमच्याकडे फराळाचं ताट येतं, नाताळात आमच्याकडून करंज्या जातात. आमच्या लग्नात हळद लागते, ओव्या म्हणतात. पण हे व्हायला आमच्याकडेही पिढ्या गेल्या. एकेकाळी आमच्याही घरांत माहेर तुटलेल्या बायका होत्या.

राणीघाटाला एका दुपारी गेलो. काली गण्डकीच्या काठावर खडकावर उभा असलेला तो वाडा पाल्पाला पाठवलेल्या खड्ग शमशेरनं १८९३ मध्ये आपल्या राणीच्या स्मरणार्थ बांधला. सुंदर आहे, रिकामा आहे. मला त्याच्यापेक्षा तिथवरची जंगलातली उतरण आणि वाटेत संत्री विकणारी पोरं जास्त आवडली.

परतताना आम्ही सोनौलीहून थेट गाडी न धरता बिहारात बेतियाकडे वळलो. माझा हट्ट होता. १७६९ साली पृथ्वीनारायण शाहानं काठमांडूचं खोरं जिंकल्यावर तिथल्या कॅपुचिन पाद्र्यांना देश सोडावा लागला. त्यांच्याबरोबर काही नेवार ख्रिस्ती कुटुंबंही निघाली आणि बेतियाजवळ चुहडी गावात वसली. अडीचशे वर्षं झाली, वंशज अजून तिथं आहेत. ते कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट, पण एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला अंगणात बाज टाकून बसवलं. भोजपुरी वळणाच्या हिंदीत ते म्हणाले, पूर्वजांना घरदार सोडावं लागलं, शेती सोडावी लागली, पण कुणी त्यांना लोभानं ख्रिस्ती झाले असं म्हणू शकलं नाही, कारण मिळालं काहीच नव्हतं, गेलं सगळं.

मी त्यांना आजीच्या आजीची गोष्ट सांगितली, ज्वारीचा टोमणाही सांगितला. ते बराच वेळ विचार करत राहिले. म्हणाले, “बेटी, हमारे पुरखों ने घर छोड़ा, तुम्हारी दादी ने भूख में हाथ पकड़ा। दोनों सच्चे थे। किसी को छोटा मत समझना।” आमच्या मित्रानं ते वाक्य तिथंच वहीत उतरवून घेतलं.

तानसेनच्या फिजिओ विभागातल्या दिदींशी आता फोनवर बोलणं होतं. ती बाई गावी पोचली, धाऱ्यावरून पाणी आणते, झाडावर मात्र अजून चढत नाही, सासू चढू देत नाही. दिदींना पुढच्या वर्षी नगरला यायचं आहे, हॉस्पिटलातल्या आणखी एकीला घेऊन. सिंथिया फॅरार बाईंची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. अमेरिकेहून एकटीच आलेली, नगरमध्ये मुलींना शिकवण्यात आयुष्य घातलेली. तिची शाळा पाहून जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला, आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि त्यांनी जे घेतलं ते हजारो मुलींना दिलं. दिदींना ते गाव पाहायचं आहे. आमच्या मंडळीच्या बैठकीत मी हा विषय मांडला आहे. यावेळी पाहुणे त्यांचे, शिकवणाऱ्याही त्याच. हाडं मोडलेल्या माणसाला त्याच्या घराच्या वाटेप्रमाणे कसं चालवायचं, हे त्या आमच्या मुलामुलींना दाखवतील. त्यांना उतरवून घ्यायला आमच्याच घराचं नाव मी दिलं आहे, आणि आईला सांगून ठेवलं आहे, सकाळी दहाला भात लागेल.